बाहीतलं अभ्रक

रस्त्यावरचे पांढरे पट्टे मारायचा रंग बनवणारा तो कारखाना. तिथल्या तपासणीच्या खोलीत वहिनीचं टेबल खिडकीपाशी होतं. रंगात घालायची भुकटी, म्हणजे काचेचे बारीक मणी आणि खडू, आधी तिच्याकडे यायची. देवाचं नाव घ्यायचं, चिमूटभर काचपट्टीवर पसरायची, भिंगाखाली सरकवायची आणि कण केवढे, गोल की टोकेरी, ते सांगायचं.

सगळे तिला वहिनी म्हणत, कारण नवरा तिथलाच. शेजारच्या शेडमध्ये चमकीच्या रंगासाठी अभ्रक दळायचा. शेड बंद पडली आणि तो पोटामागे परमुलखात गेला. त्याचा कामाचा शर्ट खुंटीवरच राहिला. वहिनी तोच साडीवर चढवून कामाला येई. धुतला मात्र कधीच नाही.

एकदा गोल मण्यांत चपटे, चकाकणारे पापुद्रे दिसले. दुसरी पिशवी उघडली, तेच. तिसरीतही तेच.

"भेसळ आहे. माल परत पाठवू," साहेब म्हणाले.

 हे पापुद्रे वहिनीच्या ओळखीचे होते. तिने शर्ट काढून बाहेर ठेवला, हात धुतले, नवी चिमूट घेतली. नुसते मणी आणि खडू.

"माल चांगलाय, साहेब. घोळ माझ्या बाहीचा."

"मग धुऊन घाला, नाहीतर घरी ठेवा तो."

शेजारच्या टेबलावरची चष्मेवाली फिसकन हसली. "म्हणजे आमचे दादाच पडलेत होय मालात!" मग वहिनीचा चेहरा बघून आपल्या भिंगावर वाकली.

संध्याकाळी वहिनीने फोन लावला. "तुमचा शर्ट धुवायचाय."

"अगं, मग धू की! अजून धुतला नाहीस?" मागे यंत्रांची घरघर.

"त्यात तुमचं अभ्रक आहे."

 "इकडे सिमेंट आहे," तो म्हणाला. "पार कानात जातं."

"मग तेच घेऊन या."

"सुट्टी मिळू दे." हे तो दरवेळी म्हणे.

शर्ट घरी ठेवावा, तर दिवसभर अंगावर त्याचं काहीच नसणार. तिने बाही एका काचपट्टीवर झटकली, वर दुसरी दाबली आणि देवाच्या तसबिरीमागे ठेवली. मग शर्ट बादलीत बुडवला.

शर्ट वाळत पडला. पाण्यावर मात्र अजून चमक तरंगत होती. ते ओतायला वहिनीचा हात होईना.