जर्मनच्या टोपातला साबण

गाव सोडताना एसटीच्या थांब्यावर आईने गोणपाटात बांधलेला जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, टोप माझ्या हातात दिला, तेव्हा मला लाज वाटली होती. मुंबईला नोकरीला निघालेला मुलगा, अंगात इस्त्रीचा शर्ट आणि काखेत दहा माणसांच्या भाताचा टोप! बाबा नेहमीसारखे जरा लांब उभे होते. "पोचलास की फोन कर, बाहेरचं जास्त खाऊ नको," आई म्हणाली. एवढंच. गाडी सुटल्यावर मी मागे बघितलं नाही. बघितलं असतं तर उतरलो असतो.

तुम्ही जे गावाकडे राहिलात, तुम्हाला वाटतं मीरा रोड म्हणजे मुंबईच. माझ्यासारखे जे इकडे आले त्यांना माहीत आहे, ही मुंबईत न मावलेल्या माणसांची वस्ती. शांती नगरात वन रूम किचन, दुकानात हिंदी, जिन्यात गुजराती आणि पोटभर मराठी फक्त रविवारी, आईच्या फोनवर. सोळा वर्षं अशी गेली. बरी गेली म्हणायची.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर काशीगावच्या ज्या गोडाऊनमध्ये मी स्टॉकचं काम बघायचो ते बंद झालं. सुजाता, माझी बायको, एका दवाखान्यात रिसेप्शनला आहे. तिच्या पगारात घर चालतंय, पण ओढून ताणून. आईला काही कळवलं नाही. आठ वर्षांच्या स्वराला सांगितलं, पप्पाचं वर्क फ्रॉम होम आहे. ती शाळेतून यायच्या वेळी मी लॅपटॉप उघडून बसायचो. खोटं बोलायला मी फारसा हुशार नाही. फोन वाजला तरी दचकायचो, न वाजला तरी जीव खालीवर व्हायचा.

एकेक खर्च कमी करताना पाळी कपड्यांच्या पावडरीवर आली. शेजारच्या जिग्नेशभाईंचं फरसाणचं दुकान आहे. तळून तळून काळं झालेलं तेल ते टाकूनच देतात. ते आणायचं, कॉस्टिक सोडा आणायचा की साबण तयार, असं एका व्हिडिओत बघितलं. मला हुरूपच आला, कारण मी दुसरीत असताना आमच्याकडे एकदा घरी साबण झाला होता. खाडीकाठी पडलेली उंडीची फळं आम्ही वेचून वाळवायचो, बाबा ती दगडाने फोडायचे, मग घाण्यावरून तेल काढून आणायचं. त्या उन्हाळ्यात बाबांना लांबलचक सुट्टी होती. ते रोज माझ्यासोबत होते. माझ्या लहानपणातला तो सगळ्यात सुखाचा उन्हाळा.

घरात मोठं भांडं एकच, आईचा टोप. त्यात पाणी घेतलं आणि कॉस्टिक सोडला. टोप एकदम फसफसून वर आला. पाणी करडं झालं, वाफ उठली, घशात जळजळायला लागलं. स्वरा ओट्याला हनुवटी टेकून बघत होती. तिला उचलून मी बाहेरच्या खोलीत नेलं, खिडक्या उघडल्या, दहा वेळा तिचे डोळे बघितले. तिला काही झालं नव्हतं. चार पैसे वाचवायला गेलो आणि पोरीचे डोळे घालवून बसलो असतो. टोप आतून काळा पडला आणि बुडाला बारीक खड्डे आले.

मग आईला फोन केला. सोसायटीत स्पर्धा आहे, सुजाताला साबण करायचाय, असं ठोकून दिलं. आईने आधी भांडं विचारलं.

"जर्मन? अरे, सोडा जर्मनला खातो. मडकं घे, नायतर प्लास्टिकची बादली. आणि पोरीला लांब ठेव." मग जराशाने म्हणाली, "कामावरून कधी काढलं?"

मी फोन घेऊन गॅलरीत गेलो आणि दार ओढून घेतलं.

"हौसेने कोण साबण करत नाय रे. तुझ्या बाबांना कंपनीने घरी बसवलं, त्या साली आम्ही केला. तुला सुट्टी सांगितली होती."

फोन ठेवल्यावर मी काळा पडलेला टोप घासायला घेतला. ज्या उन्हाळ्याची गोडी मी इतकी वर्षं उराशी धरली, त्यात ती दोघं रोज मनातून हादरलेली होती, आणि मला पत्ताही नव्हता.

पुढचा घाणा बादलीत केला, गॅलरीत, स्वराला दाराच्या आत बसवून. महिनाभर वड्या सुकवल्या. मळ चांगला निघतो, फक्त कपड्यांना गाठियातल्या ओव्याचा वास येतो. सुजाता म्हणते, दवाखान्यात पेशंटना भूक लागते. काम अजून लागलेलं नाही. दोन ठिकाणी बोलावतो म्हणालेत.

परवा सुकलेल्या वडीवर स्वरा टाचणीने आपलं नाव कोरत होती. मान वर न करता म्हणाली, "पप्पा, तुला नवीन जॉब लागला ना, तरी आपण साबण करायचा हं."

तुला कोणी सांगितलं, असं मी विचारलं.

"कोणी नाही. मला माहितीये. तू आईला सांगू नको, तिला वाटतं मला माहीत नाही."

तेव्हापासून मी त्या उन्हाळ्यातला दुसरीतला मुलगा आठवून बघतोय. रोज घरी असणाऱ्या बाबांना त्याने एकदाही विचारलं नव्हतं, तुमची सुट्टी संपणार कधी. मला खरंच काही माहीत नव्हतं का? की मीही स्वरासारखाच गप्प होतो? आता कुणी घर कुठे विचारलं, तर मला गाव आठवत नाही आणि शांती नगरही नाही. जिथे सगळ्यांना सगळं माहीत असतं, आणि दुसऱ्याला त्रास नको म्हणून जो तो गप्प राहतो, ते माझं घर.