दुमडलेला अंगठा

देवराव डॉक्टरांची आणि माझी पहिली ओळख एका चित्रातून झाली. हैदराबादच्या प्रयोगशाळेत मी नवीन होते. देवराव सरांनी आदिलाबादहून पाठवलेल्या रक्ताच्या नमुन्यासोबत पेनाने काढलेला बाळाचा हात होता. अंगठा तळव्यात दुमडलेला. खाली लिहिले होते, ‘डोक्यात पाणी. थोरला भाऊ असाच गेला. आई निरोगी.’

त्या अंगठ्यामुळे दोष कोणत्या जनुकात शोधायचा ते कळले. गर्भात मेंदू घडताना मज्जातंतूंना वाट दाखवणारे एक प्रथिन असते. ते पेशीच्या आवरणातून आरपार गेलेले असते आणि त्याच्या बाहेरच्या भागावर साखरेच्या साखळ्या असतात. त्याच्या जनुकातला दोष आईत सहसा जाणवत नाही, मुलग्यात उमटतो. या आईत तो सापडला. तिच्या संमतीने, नाव बदलून, तिला सुनीता म्हणते.

पुढची चूक माझी. असा निकाल सर नवरा-बायकोला शेजारी बसवून, दार लावून, स्वतः सांगतात. सुनीताताईंच्या नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी सांगून टाकले, “दोष आईकडून आला आहे.” वाक्य अचूक होते. पण तिकडे फोन स्पीकरवर होता आणि घर माणसांनी भरलेले होते. आठवड्याभरात सुनीताताईंना बाळासह इचोड्याला माहेरी धाडले. बाळ तिथेच गेले.

सर रागावले नाहीत. “तू खोटं नाही बोलली, बाई. पन कोन आयकून राह्यलं, ते पाह्यलं नाही,” एवढेच म्हणाले आणि मला घेऊन सुनीताताईंच्या सासरी गेले.

सासूबाई म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, तुमी काऊन तिची बाजू घेता? दोन नातू खाल्ले तिनं.”

“धाकट्याचं नाक कोनावर गेलं होतं, मावशी?”

“माह्यावर.”

“मंग ते तुमी ठरवून देल्लं होतं का?”

त्या उठून आत गेल्या. नवरा जमिनीकडे पाहत राहिला. चहा आला नाही.

सुनीताताईंना न्यायला अजून कोणी आलेले नाही. सर मात्र दर महिन्याला इचोड्याला उतरतात. मी कारण विचारले तेव्हा म्हणाले, “त्या पोरांची नावं आता कोनी घेत नाही. मी घेतो.”

आता सुनीताताईंच्या धाकट्या बहिणीचे लग्न ठरत आहे. तिनेही तीच तपासणी करून घेतली आणि तिचा निकाल आला आहे. फोनवर ती मला म्हणाली, “ताई, तुमी नका सांगू. डॉक्टरच सांगतीन.”

तिचे बरोबर आहे. हे सांगणे मला अजून येत नाही. यंदा पंच्याहत्तरी पूर्ण करणाऱ्या सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. मला शिकायला बरीच वर्षे लागणार आहेत.