केतनच्या शेजारचा प्लॉट

मंडळी, आज दुपारी वारज्यातल्या घरी बसून मी तासभर लॅपटॉपला शिव्या घातल्या.

माझे तीन शाळासोबती ठोकळ्यांची घरं बांधायचा एक गेम ऑनलाइन एकत्र खेळतात. सर्व्हर त्यांच्यातल्या केतनचा, म्हणून मी इतके महिने लांबच होतो. न झालेल्या गोव्याच्या ट्रिपवरून आमचं दोघांचं वाजलं, तेव्हापासून बोलणं बंद. आज रोहनने "निखिल, येच" म्हणत फारच आग्रह केला, तर मला आत जाताच येईना.

तेवढ्यात केतनचाच फोन. हॅलो नाही, काही नाही.

"गेम अपडेट केलास ना, शहाण्या? सर्व्हर जुन्या व्हर्जनवर आहे. तेच लाव."

लावलं आणि आत गेलो. नदीकाठी तिघांची घरं होती. केतनच्या घराला लागून एक मोकळा प्लॉट, चारी बाजूंनी कुंपण, आणि पाटी: "ही जागा निखिलची आहे. इतरांनी बांधकाम केल्यास पाडण्यात येईल."

"ही कधी लावलीस?"

"पहिल्याच दिवशी. रोहन तिथे कोंबड्या पाळणार होता."

तुमचंही कुणाशी बोलणं थांबलंय का? एकदा डोकावून बघा, तुमची जागा कदाचित अजून रिकामी असेल.

माझं घर अर्धंच झालंय. पण दार केतनच्या बाजूला काढलंय.