कव्हर नसलेलं पुस्तक

गेल्या शनिवारची दुपार, कसबा पेठेतला आमचा वाचनकट्टा. हजर: कुलकर्णी वहिनी, शाळेतल्या दोन बाई, मी आणि त्या, ज्यांची ही गोष्ट.

त्या बँकेतून निवृत्त झालेल्या. वाचायला घेतलेल्या प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर घालतात, कडा नखाने दाबून. त्या दिवशी मात्र पुस्तक उघडंच होतं, आणि मुखपृष्ठावर दोन तरुण एकमेकांच्या मिठीत.

“कव्हर राहिलं वाटतं?” वहिनींनी विचारलं.

“राहिलं नाही. एवढी देखणी मुलं झाकायचा जीव होईना.”

कट्ट्यावर प्रत्येकीने आवडलेलं पान मोठ्याने वाचायचं असतं. त्यांनी वाचलं. दोन बेकरीवाले, हाडवैरी, पिठाच्या कोठीत अडकतात. भांडता भांडता चुंबन, मग शर्टाची बटणं, मग फुटलेलं मैद्याचं पोतं. बँकेत टोकन पुकारावं तसा खणखणीत आवाज, कुठेही खाली आला नाही. पोत्याशी मात्र त्यांना स्वतःलाच हसू आवरेना, डोळ्यांतून पाणी आलं.

“अहो, नातवंडं आहेत आपल्याला,” वहिनी पुटपुटल्या.

“आहेत ना. ती काय टपालाने आली?”

मग वहिनीही हसल्या. मी थक्क होऊन बघत राहिले. एखाद्या पुस्तकाचं इतकं निर्धास्त सुख मी कधी घेतलेलं नाही.

निघताना पुस्तक मी मागून घेतलं. घरी सासूबाई टेबलावरचं प्रत्येक पुस्तक उचलून बघतात, म्हणून आल्या आल्या खाकी कागद मापात कापून ठेवला. आज सकाळी पुस्तकावर सासूबाईंचा चष्मा दिसला. कव्हर घालायचं अजून राहिलंच आहे.