चकतीवरचं करडईचं तेल

गेल्या दसऱ्याच्या सकाळची कामं ठरलेली होती: आधी सायकलची फेरी, मग तोरणं, मग पुरण. उदगीरच्या बाहेर पहिल्या उताराला मी ब्रेक दाबले. एरवी दोन बोटांत सायकल जागेवर थांबते. त्या दिवशी नुसताच चुईं असा आवाज आला आणि सायकल पळतच राहिली. समोर वळण, वळणावर पोत्यांनी भरलेला ट्रॅक्टर. मी सायकल कडेच्या सोयाबीन काढलेल्या रानात घातली. ढेकळांनी ती अडवली. गुडघा फुटला, पण ट्रॅक्टर निघून गेला.

तरी एकेक गोष्ट तपासायची सवय सुटत नाही. लिव्हर कडक लागत होती, म्हणजे नळीत हवा शिरलेली नव्हती. पॅड जाड होते. चाक फिरवलं, ब्रेकचे पॅड जिला आवळतात ती डिस्कची चकती सरळ होती. मग चकतीवर बोट टेकवलं आणि ते घसरलं. वास घेतला. करडईचं तेल!

आदल्या दिवशी खंडेनवमी. घरातल्या विळ्या, कात्र्या, गाड्या, सगळ्यांची पूजा सासूबाईंनी केली होती. मी घरी फोन लावला.

"आई, माझ्या सायकलच्या चकतीला तेल लावलं का?"

"लावलं की. गंजू नये म्हून. दोन्हीबी सायकलींच्या चकत्या लखलखीत केल्या बघ."

दोन्ही. माझे यजमान पहाटेच दुसरी सायकल घेऊन मुखेडच्या रस्त्याला शेताकडे निघाले होते, झेंडू आणायला. वाटेत लांब उतार आहे, वळणावळणाचा, एका बाजूला खोल दरी. मी त्यांना फोन लावत राहिले. रिंग जात होती, ते उचलत नव्हते. चालवताना फोन पाठीवरच्या पिशवीत असतो.

उताराच्या तोंडाशी चाचांचं चहाचं हॉटेल आहे. हे तिथं थांबल्याशिवाय पुढं जात नाहीत. यांचा फोन लागला नाही की मी चाचांनाच विचारते.

"चाचा, आमचे हे आलेत का?"

"आत्ताच चहा पिऊन उठले, भाभी. हेल्मेट घालायलेत."

"थांबवा त्यांना! त्यांचे ब्रेक गेलेत!"

फोन चालूच राहिला. चपलांची फटफट. "ओ साब! रुको!" मग एसटीचा हॉर्न. मग काहीच नाही. त्या रानात उभी राहून मी उताराची वळणं आठवत होते, एकामागून एक, आणि प्रत्येक वळणावर मला यांची सायकल सुटलेली दिसत होती.

"सीट धरली मागनं," चाचा धापा टाकत म्हणाले. "साब चिडलेत. म्हनतेत, उधारी हाय का माझ्याकडं?"

मग यांचा आवाज. "काय गं? भर रस्त्यात माझी ओढाताण चाललीय."

"उतरायचं नाही. आईंनी चकतीला तेल लावलंय. चालवून नाही, ब्रेक दाबून सपाटीवर ढकलून बघा."

"अगं, सकाळपासून थोडं वाजतंय, एवढंच." सायकल ढकलल्याचा आवाज आला. पुन्हा बोलले तेव्हा आवाज बदलला होता. "दाबूनही चाक फिरतंय गं."

ते आणि सायकल शेतावरच्या टेम्पोतून घरी आले. मी चकत्या स्पिरिटनं पुसल्या. पॅडमध्ये तेल मुरलेलं होतं, ते निघत नाही. सासूबाई पायरीवर बसून बघत होत्या.

"माझ्या तेलानं झालं का, बाई?"

"पुसलं की जातं, आई." पॅड मी त्यांच्या नकळत कागदात गुंडाळून टाकून दिले.

संध्याकाळी आपट्याचं पान देताना त्यांनी लेकाचं मनगट धरलं ते सोडेनात. "आई, बाकीच्यांनाही सोनं द्यायचंय," हे हसले. त्या हसल्या नाहीत.

यंदा खंडेनवमीला त्यांनी मला हाक मारली. कुंकवाचं बोट पुढं केलेलं, दुसऱ्या हातानं माझा हात घट्ट धरलेला. "तूच टेकव कुठं टेकवायचं ते."

मी ते बोट हँडलवर टेकवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना फाटकाशी यांनी दोन्ही ब्रेक दाबून दाखवले. सासूबाई म्हणाल्या, "आनखी एकदा."