मेमरीत राहिलेली अक्षरं

सॉफ्टवेअरच्या धंद्यात किस्से जमवावे लागत नाहीत. कूलरच्या जाळीत धूळ साचते तसे ते आपोआप साचतात, आणि एक दिवस हवा यायची बंद झाली की कळतं, बरेच झालेत!

आमचं ऑफिस बुऱ्हाणपुरात शनवारा दरवाज्याजवळ, एका कापड दुकानाच्या वर. माणसं तीन. मालक हेमंतभाऊ, प्रोग्रॅम लिहिणारा योगेश आणि गिऱ्हाइकांचे फोन घेणारी मी. म्हणजे शिव्या खायचं खातं माझ्याकडे.

एक गोष्ट आधीच सांगते, मग पुढचं सोपं जाईल. कॉम्प्युटरच्या मेमरीत अक्षरं नसतात, नुसते आकडे असतात. ते एकामागून एक वाहत येतात, त्याला स्ट्रीम म्हणायचं. त्या आकड्यांची वाचता येणारी अक्षरं केली की झाली स्ट्रिंग. योगेशच्या प्रोग्रॅममध्ये हे काम दोन ओळींचं. आमची निम्मी दुःखं त्या दोन ओळींतली!

माझ्या आईला हेमंतभाऊंनी एकदा हे सगळं समजावून सांगितलं. आईनं नीट ऐकून घेतलं.

"मतलब, तुम्ही अक्षरं करता तेव्हाच ती होतात?"

"हो, काकू."

"आणि चुकीची केली तर?"

हेमंतभाऊ म्हणाले, "काकू, चहा छान झालाय."

*

एका पॅथॉलॉजी लॅबला आम्ही रिपोर्ट छापायचं सॉफ्टवेअर दिलं होतं. खकनारकडचा एक शेतकरी बायकोचा रिपोर्ट न्यायला आला. तिच्या गळ्यात गाठ होती, तिचा तुकडा तपासायला दिलेला. काउंटरवरच्या मुलीनं बटण दाबलं, कागद बाहेर आला. वर बायकोचं नाव, वय, डॉक्टरांचं नाव. खाली सगळं कोरं.

झालं असं होतं की मेमरीत मजकूर लिहून झाला की कॉम्प्युटरचं बोट शेवटच्या अक्षरावर असतं. वाचायच्या आधी ते पहिल्या अक्षरावर आणावं लागतं. ते आणायचं राहून गेलं. शेवटापासून पुढं वाचलं तर काय मिळणार? काही नाही!

त्या माणसानं कागद उलटासुलटा केला आणि विचारलं, "ताई, काही निघालं नाही ना?"

काउंटरवरची मुलगी नवीन. ती म्हणाली, "इसमें तो कुछ नहीं है, भैया."

तो माणूस तिथंच खुर्चीवर बसून रडला. मग बाजारात गेला, मावा जलेबी घेतली. लॅबमध्ये वाटली, रिक्षावाल्याला दिली, गावात दारोदार वाटली.

दुसऱ्या दिवशी लॅबवाल्यांच्या लक्षात आलं. त्यांनी फोन करून त्याला बोलावलं आणि खरा रिपोर्ट हातात दिला. समजावून सांगितलं, की कालचा चुकून कोरा आला होता, कॉम्प्युटरची गडबड होती. त्यानं ऐकलं. नवा कागद घडी न घालता काउंटरवर परत ठेवला.

"साहेब, मला कालचाच राहू द्या."

शेवटी तिला इंदूरला नेलं, एवढं कळलं. पुढचं लॅबवाल्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

*

फ्लेक्सवाल्याचा किस्सा त्यानंतरचा. त्याच्यासाठी योगेशनं एक सोय केली होती. घरच्यांनी मोबाइलवरून नाव आणि फोटो पाठवायचा, वाढदिवस की श्रद्धांजली ते निवडायचं, फ्लेक्स आपोआप तयार!

आता, मेमरीतल्या आकड्यांची अक्षरं करताना कॉम्प्युटरला लिपी सांगावी लागते. देवनागरी असताना त्याला वाटलं इंग्रजी आहे, तर ज्या अक्षराची ओळख पटत नाही तिथं तो सरळ प्रश्नचिन्ह टाकतो.

सकाळी चौकात फ्लेक्स लागला. फेटा बांधलेल्या म्हाताऱ्याचा फोटो, भोवती झेंडूचा हार, आणि खाली ठळक अक्षरांत: "????? यांना भावपूर्ण श्रद्धांजली".

गेलेल्या माणसाचे दोन मुलगे. शेतीच्या वाटणीवरून त्यांचं बोलणं बंद. मोबाइलवरून नाव धाकट्यानं पाठवलं होतं. मोठ्याला वाटलं, यानं मुद्दाम केलं. बाप जिवंत असताना विचारत नव्हता, मेल्यावर विचारतोय, हा कोण! दशक्रियेच्या दिवशी नदीकाठीच जुंपली. पिंड ठेवलेले, गुरुजी मधे, आणि दोघांचे हात एकमेकांच्या नरड्यावर!

हेमंतभाऊ आणि मी धावत गेलो. हेमंतभाऊंनी हात जोडले. "दादा, धाकट्याची काही चूक नाही. ही एन्कोडिंगची चूक आहे."

मोठा दम खात ओरडला, "कोन आहे तो एन्कोडिंग? त्याला घेऊन या अठी!"

कोणी हसलं नाही. धाकट्याचा दात पडला होता, तो वाळूत शोधत होता.

*

इथून जवळच एका कागद कारखान्याची वसाहत आहे. महाराष्ट्रातून आलेली कुटुंबं, आता त्यांची तिसरी पिढी. तिथल्या एका मंडळानं निवृत्त होणाऱ्या कामगारांसाठी मानपत्रं करायला दिली. प्रत्येकाबद्दल चार ओळी त्यांनीच लिहून पाठवल्या होत्या. कोण कुठून आला, कुठल्या मशीनवर राबला, भजनात पेटी कोण वाजवायचा, असं सगळं.

स्ट्रीमच्या आतला मजकूर काढायचा सोडून योगेशच्या प्रोग्रॅमनं स्ट्रीमचं नुसतं नाव काढलं. म्हणजे डबा उघडून जेवण वाढायचं, तर यानं डब्यावरचं लेबल वाढलं! प्रत्येक मानपत्रावर चार ओळींच्या जागी इंग्रजीत दोन शब्द छापले गेले: मेमरी स्ट्रीम. मंडळानं घाईत फ्रेम केल्या आणि समारंभात वाटूनही टाकल्या.

आठवड्याभरानं त्यांच्यातले एक देशमुखकाका फ्रेम काखेत मारून आमचा जिना चढून आले. धाप लागली होती. कागदाच्या भुशानं छाती गेलेली, हे त्यांनीच सांगितलं.

मी म्हटलं, "काका, चूक झाली. आम्ही सगळ्यांची बदलून देतो."

"ते द्याल हो. पण मी सगळ्यांच्या घरी जाऊन पाहिलं. आम्हा सगळ्यांचं सारखंच लिहिलंय."

"हो काका, तीच तर चूक आहे."

काकांनी फ्रेमकडे पाहिलं. "चूक कुठं आहे त्यात? एकच भोंगा, एकच क्वार्टर, एकच खोकला. वेगळं काय लिहिणार होते?"

नवी मानपत्रं आम्ही पोचवली. काकांनी त्यांचं घेतलं नाही.

*

योगेशवर फार भार पडतो म्हणून हेमंतभाऊंनी मधे एक माणूस शोधायला घेतला. मुलाखतीला एक मुलगा आला. शर्ट इन, केसांना तेल. हेमंतभाऊंनी नेहमीचा प्रश्न टाकला, "मेमरी स्ट्रीम की स्ट्रिंग कैसे बनाओगे?"

मुलानं बरोबर सांगितलं. बोट पहिल्या अक्षरावर आणायचं, लिपी सांगायची, शेवटचा तुकडा बाहेर काढल्याची खात्री करायची. आम्ही तिघंही खूश!

"कधीपासून येतो?"

"सर, येणार नाही. पुण्याच्या कंपनीत सोमवारी इंटरव्ह्यू आहे. प्रॅक्टिस म्हणून आलो."

जाता जाता योगेशला म्हणाला, "दादा, तुम्ही अजून इथंच?"

योगेश त्या दिवशी जेवला नाही.

*

आता शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही.

केळीची वाहतूक करणाऱ्या एका एजन्सीसाठी आम्ही ड्रायव्हरांना मेसेज पाठवायची सोय केली होती. कुठल्या मळ्यातून माल उचलायचा, कुठला रस्ता चालू, कुठला बंद. ज्याला हिंदी हवं त्याला हिंदी, तुकईथडकडच्या पोरांना मराठी. रोज शेकड्यांनी मेसेज जायचे.

त्या प्रोग्रॅममध्ये एक खोट होती. मजकुराचा शेवटचा तुकडा कधीकधी मेमरीतून बाहेरच यायचा नाही. पण कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण प्रत्येक मेसेजच्या शेवटी 'धन्यवाद' असायचं. कापलं जायचं ते तेवढंच. धन्यवाद मिळाले नाहीत म्हणून कोण तक्रार करतो?

पावसाळ्यात एका दुपारी वरच्या बाजूला जोराचा पाऊस झाला आणि नाल्याला पूर आला. एजन्सीच्या माणसानं घाईघाईत मेसेज टाकला. घाईत 'धन्यवाद' लिहिलं नाही. हिंदीत लिहिलं, "नाले पर पानी है. रास्ता चालू नहीं है." आणि मराठीत, "नाल्यावर पाणी आहे. रस्ता चालू नाही."

दोन्हीकडचा शेवटचा शब्द मेमरीत राहिला.

हिंदीत शेवटी 'है' होतं. ते गेलं तरी अर्थ जागेवर. हिंदीवाले सगळे ड्रायव्हर थांबले.

मराठीत शेवटी 'नाही' होतं.

तुकईथडचा दिनेश पिकअप चालवायचा. तेवीस-चोवीसचा असेल. त्यानं मेसेज वाचला आणि निघाला. पिकअप दुसऱ्या दिवशी खाली बाभळीच्या झाडांत अडकलेली सापडली. दिनेश तिच्याही पुढं.

चूक कुठं झाली ते योगेशनं त्याच संध्याकाळी शोधलं. एक ओळ घालायची होती, घातली. मग तो खुर्चीवर तसाच बसून राहिला. हेमंतभाऊ पोलिसांकडे जाऊन जे होतं ते सांगून आले. एजन्सीनं आमचं काम बंद केलं.

तेरावं झाल्यावर दिनेशचे वडील ऑफिसात आले. रामदासबाबा. टोपी, धोतर, पायांत रबरी चपला. आम्हाला वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. पण ते स्टुलावर बसले, खिशातून मोबाइल काढला आणि टेबलावर ठेवला. दिनेशचा होता. बॅटरी उतरली म्हणून चार्जिंगला लावून तो घरीच ठेवून गेला होता.

"त्याच्यात मेसेज आहे," बाबा म्हणाले. "मी म्हनलं, पानी लई आहे, नको जाऊ. तर त्यानं मला मोठ्यानं वाचून दाखवला. म्हने, बाबा, पानी आहे, पन रस्ता चालू. हे पहा, लिहिलंय."

त्यांनी मोबाइल योगेशकडे सरकवला.

"पोलीस म्हनतात, पुढं अजून एक शब्द होता. तो कुठं आहे?"

योगेश म्हणाला, "बाबा, तो... मेमरीत राहिला."

"अठी? या डब्यात?"

"हो."

बाबांनी कॉम्प्युटरकडे बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "आता दुरुस्त झालं का ते?"

"झालं, बाबा."

"मग पाठवा."

योगेशनं हेमंतभाऊंकडे पाहिलं. हेमंतभाऊंनी मान खाली घातली. योगेशनं मजकूर टाकला, नंबर टाकला, बटण दाबलं. टेबलावरचा मोबाइल थरथरला आणि वाजला.

बाबांनी तो उचलून योगेशच्या हातात दिला.

"वाचा. मोठ्यानं. दिनेशनं मोठ्यानं वाचला होता."

योगेश उभा राहिला. "नाल्यावर पाणी आहे," तो म्हणाला. "रस्ता चालू..."

आणि थांबला. त्याचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. खाली दुकानात कोणी कापड फाडत होतं, तेवढाच आवाज.

बाबा त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"पुढं?" ते म्हणाले.