विरघळणारी जाळी

माझ्या काळजाचा निवाडा बाहेर व्हरांड्यात चालला होता आणि मी आत पलंगावर पडून होते, हे आठवलं की अजूनही माझं डोकं तापतं.

उदगीरला आमचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान. वरच्या फळीवरची पातेली काढून देताना छातीवर दाब यायचा, म्हणून नांदेडच्या दवाखान्यात आलो. अँजिओग्राफी झाली आणि मला सोडून सगळ्यांना निकाल कळला. आमच्याकडे रीतच तशी आहे. पेशंटला सांगायचं नाही, पेशंट खचतो. यजमान आत आले, चादर सरळ केली आणि म्हणाले, "काय न्हाई, गॅस हाय. उद्या एक बारीक काम करायलेत."

"गॅससाठी मनगटातून नळी घालतेत व्हय?"

ते खिडकीबाहेर बघायला लागले. मी नर्सला सांगून डॉक्टरांना बोलावून घेतलं. ते आले आणि यजमानांकडे तोंड करूनच बोलू लागले. माझा संताप झाला. "साहेब, इकडं बघून बोला. नस माझी हाय."

डॉक्टर तरुण होते, पण मनाने मोठे. रागावले नाहीत, खुर्ची ओढून बसले. म्हणाले, एक रक्तवाहिनी बरीच अरुंद झालीय. फुग्याने ती उघडायची आणि आत जाळी, म्हणजे स्टेंट, बसवायची. धातूची जाळी कायमची राहते. दुसरी विरघळणारी, वाहिनी सावरेपर्यंत आधार देते आणि दोन-तीन वर्षांत शरीरात जिरून जाते. धातूचा अनुभव आम्हाला जास्त आहे, हेही त्यांनी सांगितलं. विरघळणारी बसवताना माप काटेकोर घ्यावं लागतं, आणि गोळ्या चुकवल्या तर गुठळी होण्याचा धोका असतो. तुमच्या बाबतीत दोन्ही चालतील, असं म्हणून ते माझ्याकडे बघत थांबले.

दारात माझे धाकटे दीर उभे होते. त्यांचं सगळं आयुष्य भांड्यांत गेलेलं. "वहिनी, विरघळते म्हणजे कच्चा माल. आपलं स्टीलच बरं. आपण गिऱ्हाइकाला काय सांगतो?"

"भावजी, मला त्यात भात शिजवायचा न्हाई."

यजमानांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात लपवलं. मी विरघळणारी सांगितली. माझी अजून पन्नाशी झाली नव्हती. पुढे कधी बायपासची वेळ आलीच तर त्या जागी धातू आड येणार नाही, हे मला पटलं होतं. आणि खरं सांगायचं तर, आपलं काम करून गुमान निघून जाणारी वस्तू मला आवडते. आमच्या घरात एकदा आलेला सल्लासुद्धा कधी निघून जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सने गळ्यातलं काढायला सांगितलं. आम्ही लिंगायत. इष्टलिंग चांदीच्या डबीत घालून गळ्यात बांधतात ते जन्मापासून. ते उतरवायचं नसतं. आदल्या दिवशी तपासणीच्या घाईत मी ते काढून दिलं होतं आणि पूर्ण वेळ टेबलावर उघडी पडल्यासारखं वाटत होतं. या वेळी मी नाही म्हणाले. नर्स म्हणाली, नियम आहे. यजमान म्हणाले, "अगं, दे की, मी धरून बसतो."

"तुमचं तुमच्या गळ्यात हाय. माझं माझ्याकडंच राहील."

डॉक्टरांना बाहेर यावं लागलं. मी त्यांना विचारलं, नळी कुठल्या हातातून जाणार? उजव्या. मग झालं तर. आमची पूजा डाव्या तळहातावर असते. चांदीची डबी आणि दोरा यजमानांकडे दिला, लिंग डाव्या मुठीत धरलं. नर्सने ते आधी पुसून घेतलं, मग मुठीवरून हातमोजा चढवला. चेहरा फुगलेलाच होता, पण चढवला.

टेबलावर मी पूर्ण शुद्धीत होते. भीती नव्हती असं म्हणणार नाही. पण मी डॉक्टरांना म्हणाले, जे करताय ते सांगत राहा. ते सांगत राहिले. आता तार चाललीय. आता फुगा फुगवतोय, थोडं दाटल्यासारखं होईल. दाटलं. माप पुन्हा बघतो. आता जाळी. दुखतंय का? दुखत नव्हतं. समोरच्या पडद्यावर एक बारीकशी काळी रेघ भरून आली आणि ते म्हणाले, रक्त नीट चाललंय.

स्ट्रेचर बाहेर आलं तेव्हा व्हरांडाभर आमचीच माणसं. सगळी मला ओलांडून डॉक्टरांकडे धावली. कसं झालं साहेब, काय झालं साहेब. यजमान तर हात जोडून उभे, डोळे लाल.

डॉक्टरांनी माझ्याकडे बोट केलं. "त्यांना विचारा. त्यांना सगळं ठाऊक आहे."

पहिल्यांदाच सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणाले,

"जाळी बसली. तीनेक वर्षांत ती जाईल. मी कुठं जात न्हाई."